ट्रम्पेटच्या रेकॉर्डिंगमधली कडकड: दोष वाद्यात, माइकमध्ये की संगणकात?

घरी ट्रम्पेट रेकॉर्ड करणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार आहे. वाजवताना सगळं ठीक वाटतं, पण ऐकायला बसलं की मधेच कडकड, खरखर किंवा टिकटिक येते. ड्रायव्हर बदलला, केबल बदलली, दोन दिवस बरं चाललं आणि पुन्हा तेच. बहुतेक वेळा याचं कारण साधं असतं. रोग ओळखायच्या आधीच औषध सुरू झालेलं असतं. ट्रम्पेटच्या रेकॉर्डिंगमध्ये नको असलेला आवाज निदान सात-आठ ठिकाणांहून येऊ शकतो, आणि त्यातली निम्मी ठिकाणं संगणकात नाहीतच. ती पितळात असतात, खोलीत असतात, कधी डोक्यावरच्या हेडफोनमध्ये असतात.

म्हणून सेटिंगला हात लावण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: हा आवाज कशाच्या मागोमाग येतो? ठरावीक सुरावरच येतो, की जोर वाढला की येतो? बोटं हलली की येतो, की तालाच्या ठोक्याबरोबर येतो? घड्याळ लावल्यासारखा येतो, कधीही कसाही येतो, की सतत चालूच असतो? याचं उत्तर मिळालं की अर्धं काम झालं.

आधी दोन मिनिटांचा चाचणी ट्रॅक

सगळे इफेक्ट बंद करा. सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाची किती मोजमापं (सॅम्पलं) घ्यायची तो आकडा, ४८,००० ठेवा आणि प्रत्येक मोजमापाची बारकाई २४ बिट ठेवा. माइक नेहमीच्या जागी, गेन (माइकचा सिग्नल किती वाढवायचा ते) नेहमीचा. काही सुधारायला जाऊ नका, कारण जसा बिघाड आहे तसाच पकडायचा आहे. मग एकाच फाइलमध्ये, मधे न थांबता हे रेकॉर्ड करा:

१. २० सेकंद शांतता. ट्रम्पेट मांडीवर, हेडफोन बंद.
२. १० सेकंद फुंक न मारता तिन्ही व्हॉल्व्ह वाजवण्याच्या वेगाने दाबत राहा.
३. २० सेकंद लांब सूर, दुसऱ्या रेघेवरचा जी, मध्यम जोरात. श्वास हवा तेव्हा घ्या.
४. तोच सूर अगदी हळू सुरू करून पूर्ण जोरापर्यंत नेऊन परत खाली. दोनदा.
५. खालच्या एफ शार्पपासून तिसऱ्या घरातल्या सीपर्यंत क्रोमॅटिक, म्हणजे एकेक सेमीटोनाने, चढत जा, प्रत्येक सूर साधारण एक सेकंद. एकूण १९ सूर होतात.
६. २० सेकंद हेडफोनमध्ये मेट्रोनोम, नेहमी ठेवता तेवढाच मोठा. वाजवायचं नाही.

आता हीच फाइल हेडफोनवर ऐका आणि वेव्हफॉर्म मोठा करून बघा. कोणत्या तुकड्यात आवाज येतो त्यावरून पुढचा कोणता भाग वाचायचा ते ठरवा. सगळ्याच तुकड्यांत थोडं थोडं सापडलं तर दोन बिघाड एकत्र आहेत असं समजा. हे बरंच होतं, आणि एक दुरुस्त केल्यावर "काहीच फरक पडला नाही" असं वाटण्याचं कारणही तेच.

जोर वाढला की फाटतो: क्लिपिंग

सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार हाच: सिग्नल मावेनासा होतो आणि लहरीचे शेंडे कापले जातात. चौथ्या तुकड्यात हळू आवाज स्वच्छ असतो आणि वर जाताना एका ठिकाणापासून खरखर सुरू होते. ट्रम्पेटच्या बेलच्या तोंडाशी पूर्ण जोरात १२० डेसिबलच्या पुढचा दाब सहज निर्माण होतो. बोलण्यासाठी, पॉडकास्टसाठी लावलेला गेन इथे कामाचा नाही.

पण थांबा. जोरात वाजवलेला ट्रम्पेट मुळातच थोडा "फाटतो", आणि तो दोष नाही. मोठ्या दाबाची लहर अरुंद नळीतून जाताना तिचा पुढचा चढ हळूहळू उभा होत जातो आणि वरचे हार्मोनिक (मूळ सुराच्या पटीतले वरचे सूर) भराभर वाढतात. जोरातल्या सुराला पितळी झळाळी येते ती यामुळेच. १९९६ मध्ये हिर्शबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्रॉम्बोनवर मोजमापं घेऊन दाखवलं की फोर्टिसिमोमध्ये (अतिशय जोरात) ही लहर थेट शॉकवेव्हच्या अवस्थेला पोहोचते. तेव्हा कानाला कर्कश लागलं म्हणून लगेच क्लिपिंग म्हणू नका. डोळ्यांनी खात्री करा.

त्यासाठी सगळ्यात जोराच्या जागी इतकं झूम करा की एकेक लहर वेगळी दिसेल. तिसऱ्या घरातला सी, म्हणजे पियानोवरचा बी फ्लॅट, सुमारे ४६६ हर्ट्झचा. ४८,००० च्या सॅम्पल रेटला त्याची एक लहर साधारण १०३ सॅम्पलांची होते. निरोगी लहरीचे शेंडे टोकदार असतात, आणि बऱ्याचदा एका बाजूचे उंच, दुसऱ्या बाजूचे बुटके. हा असमतोल बघून कित्येक जण घाबरतात आणि डीसी ऑफसेट (सगळी लहर मधल्या रेषेवरून सरकणं) काढायला जातात. पितळी वाद्याची लहर अशीच असते, तिला हात लावू नका. क्लिप झालेल्या लहरीचा शेंडा मात्र सुरीने कापल्यासारखा सपाट दिसतो. असमतोलामुळे आधी एकाच बाजूचे शेंडे कापले जातात, हेही ध्यानात ठेवा.

आता तो सपाटपणा किती उंचीवर आहे ते बघा, कारण बिघाड नेमका कुठे आहे ते ही उंचीच सांगते.

शेंडे बरोबर शून्य डेसिबलवर, पट्टीच्या टोकाला कापले असतील तर सिग्नल कन्व्हर्टरमध्ये (आवाजाचे आकडे करणाऱ्या भागात) मावत नाही. इंटरफेसवरचा (माइक संगणकाला जोडणाऱ्या पेटीवरचा) गेनचा नॉब कमी करा.

शेंडे शून्याच्या बरेच खाली, समजा उणे ६ वर, सपाट असतील तर लहर आधीच कापली गेली आणि नंतर तिचा आवाज कमी झाला. यूएसबी माइकमध्ये हे फार होतं. ऑपरेटिंग सिस्टिममधला स्लायडर कित्येकदा कन्व्हर्टरच्या नंतर काम करतो. तो अर्ध्यावर आणला की कापलेली लहर अर्ध्या उंचीवर कापलेलीच राहते. गेन माइकवरच्या नॉबनेच कमी करायचा.

आणि नॉब अगदी खाली आणूनही शेंडे सपाटच, फक्त जास्त खाली, असतील तर कापाकापी माइकच्या आतच होते आहे. कंडेन्सर माइकच्या आतली सर्किट दाबाने कोंडते. माइकवर उणे १० किंवा उणे २० डेसिबलचा पॅड (सिग्नल कमी करणारी कळ) असेल तर तो लावा. नसेल तर अंतर वाढवा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की सुमारे ६ डेसिबल उतरतात, म्हणजे १५ सेंटिमीटरवरून ६० सेंटिमीटरवर नेलं की १२. खोलीत भिंतींवरून आवाज परततो, त्यामुळे थोडं कमीच उतरतं. डायनॅमिक माइक ट्रम्पेटच्या जोराने सहसा कोंडत नाही. माइक चांगला पण प्रीॲम्पच (माइकचा क्षीण सिग्नल वाढवणारा भाग) गुदमरतोय अशी परिस्थिती असेल तर डायनॅमिक माइक आणि इंटरफेसच्या मधे २० डेसिबलचा इनलाइन पॅड लावला की काम होतं.

गेन लावताना एक चूक जवळपास सगळे करतात. चाचणीला वॉर्मअपचे सूर वाजवतात आणि खऱ्या टेकमध्ये दणकून वाजवतात. लेव्हल लावायची ती त्या रचनेतल्या सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात जोराच्या जागेवर, उभं राहून, बेल नेहमीच्या दिशेला ठेवून. तिथे शिखर उणे १२ च्या आसपास आलं की थांबा. प्रत्यक्ष टेकमध्ये ते उणे ६ पर्यंत चढेल. "लेव्हल फार कमी वाटते" अशी भीती नको. २४ बिटमध्ये तत्त्वतः १४४ डेसिबलचा पल्ला असतो, नंतर १० डेसिबल चढवले तरी काही बिघडत नाही. ३२ बिट फ्लोट निवडला की क्लिपिंग होतच नाही, हा गैरसमजही काढून टाका. फाइल कितीही मोठे आकडे साठवू शकली तरी साध्या इंटरफेसचा कन्व्हर्टर आणि प्रीॲम्प त्याच जागी कापतात.

माइकची जागाही इथेच ठरवून टाका. ट्रम्पेटचे वरचे हार्मोनिक बेलच्या सरळ रेषेत सुटतात. माइक ४० ते ६० सेंटिमीटरवर आणि त्या रेषेपासून २० ते ३० अंश बाजूला ठेवला की कर्कशपणा उतरतो आणि सुराचा गाभा टिकतो. इक्वलायझर लावून नंतर तेवढं साधत नाही.

ठरावीक सुरावरच झणझण: वाद्य किंवा खोली

पाचव्या तुकड्यात बाकी सूर स्वच्छ आणि एखाद-दुसऱ्या सुरावरच झणझण येत असेल तर संगणक निर्दोष आहे. संगणकाला कोणता सूर चालू आहे ते कळत नाही. कुठलीतरी सैल वस्तू त्या कंपनसंख्येला थरथरते आहे. ती वाद्यावर आहे की खोलीत, एवढंच ठरवायचं.

संगणकाचाच उपयोग करा. स्पीकरमधून १६० ते १,००० हर्ट्झपर्यंत चढत जाणारा शुद्ध सूर एक मिनिटभर सोडा. टोन जनरेटर बहुतेक ऑडिओ संपादकांत असतो. ट्रम्पेट खोलीबाहेर ठेवा. तरीही कुठेतरी झणझणलं तर दोषी खोलीत आहे: खिडकीची काच, दिव्याची टोपी, माइक स्टँडचा सैल नट, म्युझिक स्टँडचा पत्रा, टेबलावर पडलेली पेनं. म्युझिक स्टँडचा संशय सगळ्यात आधी घ्या. तो बेलच्या समोर आणि माइकच्या शेजारी असतो.

खोली शांत असेल तर ट्रम्पेट घ्या, तोच सूर धरा आणि डाव्या हाताच्या मोकळ्या बोटाने एकेक भाग दाबत जा. दुसरं कोणी दाबून देत असेल तर उत्तम. नेहमीचे गुन्हेगार असे: व्हॉल्व्हची वरची किंवा खालची सैल टोपी, तिसऱ्या स्लाइडच्या थांब-दांडीचा नट, लायर (नोटेशनचा कागद धरणारी चिमटी) अडकवायचा स्क्रू, पाणी सोडायच्या कळीची स्प्रिंग, व्हॉल्व्हच्या बटणाचा फिरलेला आटा. ज्यावर बोट ठेवल्यावर झणझण थांबते तोच भाग. टोप्या आणि नट बोटांनी घट्ट करा, पक्कड लावू नका. एवढ्यानेही सापडलं नाही तर सोल्डर सुटलेला जोड किंवा बेलच्या दुमडलेल्या काठातली तार सैल झालेली असू शकते. हे काम वाद्य दुरुस्त करणाऱ्याचं. घरी सोल्डरिंग आयर्न घेऊन बसू नका, इलेक्ट्रॉनिक्सची सोल्डरिंग आणि पितळी नळीची सोल्डरिंग यांत फार फरक आहे.

झणझण नसून खळखळ असेल, आणि सगळ्याच सुरांवर असेल, तर पाणी आहे. श्वासातली वाफ नळीत थंड होऊन साचते आणि सुराबरोबर डचमळते. हा आवाज जवळच्या माइकवर हुबेहूब खराब केबलसारखा ऐकू येतो, आणि त्यावरून चांगल्या केबली टाकून दिल्या जातात. पाणी सोडायची कळ दाबून फुंकलं की मुख्य स्लाइड मोकळी होते, पण दुसऱ्या आणि बऱ्याच ट्रम्पेटांत तिसऱ्या स्लाइडमधलं पाणी तिथून निघत नाही. संबंधित व्हॉल्व्ह दाबून धरा, स्लाइड ओढून काढा, झटका. व्हॉल्व्ह न दाबता ओढली तर आत पोकळी होऊन फट्दिशी आवाज येतो. हाच आवाज वाजवताना तिसरी स्लाइड बाहेर सरकवल्यावर रेकॉर्डिंगमध्ये "पॉप" म्हणूनही येतो.

एक शक्यता ओठांचीही असते. थकल्यावर एका सुरात दोन सूर मिसळल्यासारखी खरखर येते. नुसत्या माउथपीसवर तोच सूर वाजवा. तिथेही आली तर वाद्य आणि संगणक दोघांनाही सोडा आणि पंधरा मिनिटं विश्रांती घ्या.

बोटांबरोबर टकटक, ठोक्याबरोबर टिकटिक

दुसऱ्या तुकड्यात, म्हणजे फुंक न मारता, व्हॉल्व्हचा आवाज किती येतो ते ऐका. थोडा येणारच. धातूवर धातू आपटल्यासारखा कडक टकटकाट मात्र फेल्ट (बटणाखालची मऊ चकती) झिजल्याचं किंवा बटण सैल असल्याचं लक्षण आहे. व्हॉल्व्ह कोरडा असेल तर परत येताना घासल्याचा बारीक आवाज असतो. कपड्याने पुसून तीन-चार थेंब व्हॉल्व्ह तेल सोडा, व्हॉल्व्ह त्याच्याच घरात, त्याच खाचेत परत बसवा. व्हॉल्व्हवरचे आकडे जुळले नाहीत किंवा खाच चुकली तर फुंक अडते आणि मग नवीन बिघाड शोधत बसावं लागतं.

सहाव्या तुकड्यात मेट्रोनोम ऐकू आला तर हेडफोन गळतो आहे. उघड्या पाठीचे हेडफोन असले किंवा एक कान मोकळा ठेवला की होतंच, आणि ट्रम्पेटवाले एक कान मोकळा ठेवतातच, कारण दोन्ही कान झाकले की सूर सापडत नाही. मोकळ्या कानाचा कप डोक्याला घट्ट टेकवून ठेवा, बाहेरच्या बाजूला उघडा लोंबू देऊ नका. त्या बाजूचा आवाज पॅनने (डावी-उजवी बाजू ठरवणाऱ्या नॉबने) बंद करता आला तर अजून चांगलं. तीक्ष्ण "टिक"ऐवजी मऊ आवाजाचा ठोका निवडा. लांब सुरांच्या शेवटच्या शांततेत ही टिकटिक सगळ्यात उघडी पडते.

कधीही, कसाही तुटतो: बफर

आता खरा संगणकाचा आजार. संगणक आवाज ठरावीक सॅम्पलांच्या गठ्ठ्यांनी उचलतो, त्या गठ्ठ्याला बफर म्हणतात. कशाशीच संबंध नसलेली कडकड, कधी मिनिटात दहा वेळा, कधी पाच मिनिटं काहीच नाही. तिसऱ्या तुकड्यातल्या लांब सुरावर झूम केलं की सरळ दिसतं: छान पुनरावृत्ती होणारी लहर चालू असते आणि अचानक ती मोडते, उडी मारते, किंवा मधे सपाट शून्याचा तुकडा येतो. त्या तुकड्याची लांबी मोजा. ती बरोबर २५६ सॅम्पल असेल आणि तुमचा बफरही २५६ चा असेल, तर आणखी पुरावा नको. ४६६ हर्ट्झच्या सुराच्या साधारण अडीच लहरी तिथे गेल्या. काही वेळा शून्याचा तुकडा न दिसता सॅम्पलं नुसती गळतात. तेव्हा तुमचा ट्रॅक हळूहळू साथीच्या ट्रॅकच्या पुढे धावायला लागतो, आणि दोष तालावर येतो.

असं घडतं कारण संगणकाने बफरभर आवाज ठरलेल्या वेळात उचलायला हवा होता आणि त्याला उशीर झाला. ४८,००० च्या रेटला ६४ सॅम्पलांना १.३ मिलिसेकंद मिळतात, १२८ ला २.७, २५६ ला ५.३, ५१२ ला १०.७ आणि १,०२४ ला २१.३. वायफायच्या ड्रायव्हरने प्रोसेसर तीन मिलिसेकंद अडवून धरला की १२८ चा बफर तुटतो आणि ५१२ च्या बफरला पत्ताही लागत नाही. प्रोसेसरचा सरासरी भार दहा टक्के दिसत असला तरी फरक पडत नाही. इथे सरासरी कामाची नाही, एकच मोठा अडथळा पुरतो. त्यामुळे नवा, वेगवान संगणक घेऊनही कडकड जात नाही असं होतं.

मग लोक बफर लहान का ठेवतात? हेडफोनमध्ये स्वतःचा सूर उशिरा ऐकू येऊ नये म्हणून. ट्रम्पेट वाजवणाऱ्याला स्वतःचा सूर दातांतून आणि कवटीतूनही ऐकू येतो, त्यामुळे १० मिलिसेकंदांचा उशीरही त्याला खटकतो. पण त्यावरचा उपाय लहान बफर नाही. इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटर नावाचं बटण किंवा नॉब असतो. तो चालू केला की माइकचा आवाज संगणकात न जाता थेट हेडफोनला येतो. सॉफ्टवेअरमधलं त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग मात्र बंद करा, नाहीतर एकच सूर दोनदा ऐकू येऊन डब्यात वाजवल्यासारखा पोकळ लागेल. एवढं केलं की बफर बिनधास्त ५१२ किंवा १,०२४ करा. या एका बदलाने बहुतेकांची कडकड कायमची जाते. फक्त ट्रम्पेट रेकॉर्ड करायचा असेल आणि सॉफ्टवेअरमधून वाजणारी वाद्यं लागत नसतील, तर ६४ च्या बफरमागे धावण्याचं काही कारणच नाही.

१,०२४ वरही तुटत असेल तर अडवणारा शोधा. सोपे उपाय आधी: इंटरफेस हबमधून काढून थेट संगणकाच्या पोर्टला लावा, शक्यतो बाह्य डिस्क ज्या बाजूला आहे त्याच्या दुसऱ्या बाजूला. वायफाय आणि ब्लूटूथ बंद करून तोच लांब सूर पुन्हा रेकॉर्ड करा. क्लाउडवरच्या साठवणीचं सिंकिंग थांबवा.

विंडोजवर इंटरफेस बनवणाऱ्यांचाच आसिओ (ASIO) ड्रायव्हर वापरा. पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्स करा आणि यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा. लेटन्सीमॉन नावाचा प्रोग्रॅम दहा मिनिटं चालवून ठेवला की कोणता ड्रायव्हर वेळ खातो त्याचं नाव तो दाखवतो. बहुतेकदा नेटवर्कचा किंवा ग्राफिक्सचा असतो. तो अद्ययावत करा, किंवा रेकॉर्डिंगपुरतं ते उपकरण डिसेबल करा.

लिनक्सवर आवाज हाताळायला पाइपवायर असेल तर टर्मिनलमध्ये पीडब्ल्यू-टॉप (pw-top) चालवा. चुकांचा रकाना वाढत असेल तर बफर तुटतो आहे, आणि कोणत्या ओळीत वाढतो त्यावरून दोषी प्रोग्रॅमही कळतो. जॅक (JACK) हा ऑडिओ सर्व्हर थेट वापरत असाल तर यूएसबी इंटरफेसला पीरियड दोनऐवजी तीन ठेवा. वापरकर्ता ऑडिओ गटात आहे ना, त्या गटाला रिअलटाइम प्राधान्य ९५ आणि मेमरी लॉक अमर्याद दिलं आहे ना, ते तपासा. बदल केल्यावर लॉगआउट करून परत लॉगइन करा, हे विसरल्यामुळे "उपाय चाललाच नाही" असं वाटतं. सीपीयूचा गव्हर्नर (वेग ठरवणारी सेटिंग) परफॉर्मन्सवर ठेवा. आर्डोर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये बफर तुटलेल्या जागी खूण टाकायची सोय आहे. ती चालू ठेवली की टेक संपल्यावर कुठे ऐकायचं ते शोधावं लागत नाही.

घड्याळासारखी नेमाने येणारी टिक

दर मिनिटा-दीड मिनिटाला एक टिक, जवळपास सारख्याच अंतराने. बफर कितीही वाढवला तरी जात नाही, फक्त दोन टिकांमधलं अंतर वाढतं. हे लक्षण दिसलं की विचारा: माइक एका उपकरणावर आणि हेडफोन दुसऱ्यावर आहे का? यूएसबी माइक आणि लॅपटॉपचा हेडफोन जॅक, ही जोडी नेहमीची. प्रत्येकात वेगळं क्रिस्टल असतं आणि दोन क्रिस्टलं तंतोतंत सारखी चालत नाहीत. दहा लाखांत ५० चा फरक असेल तर ४८,००० च्या रेटला सेकंदाला २.४ सॅम्पलांची तफावत साचते, आणि साधारण १०७ सेकंदांत २५६ चा बफर भरतो किंवा रिकामा होतो. तीच टिक.

उत्तम उपाय म्हणजे हेडफोन त्याच माइकच्या किंवा इंटरफेसच्या जॅकला लावा, म्हणजे एकच घड्याळ राहील. ते शक्य नसेल तर मॅकवर ऑडिओ मिडी सेटअपमध्ये एकत्रित उपकरण बनवून दुसऱ्या उपकरणाला ड्रिफ्ट करेक्शनची खूण करा. लिनक्सवर पाइपवायर हे जुळवून घेतं. खात्री करायला फोनमधून एकच स्थिर सूर माइकसमोर पाच मिनिटं वाजवून रेकॉर्ड करा.

घड्याळाचाच दुसरा घोटाळा: साथीचा ट्रॅक ४४,१०० चा आणि प्रकल्प ४८,००० चा, आणि सॉफ्टवेअरने रूपांतर न करता तसाच वाजवला. तो जवळजवळ दीड सेमीटोन, नेमकं १४७ सेंट (शंभर सेंटांचा एक सेमीटोन), वर चढतो. ट्यूनिंग स्लाइड ओढून हे भरून निघत नाही. दीड सेमीटोनाची विचित्र तफावत दिसली की आधी सॅम्पल रेट बघा, स्लाइड नंतर.

सतत चालू असलेली घूं

पहिल्या शांत तुकड्यात घरघर किंवा बारीक शीळ येत असेल तर सूर ओळखा, संगीतकाराला ते सोपं आहे. पियानोवरच्या जीच्या जरासा वरचा खोल सूर असेल तर ५० हर्ट्झची वीज. बी फ्लॅट आणि बी यांच्या मधोमध असेल तर ६० हर्ट्झची. पियानोवरच्या वरच्या बीच्या किंचित वर बारीक शीळ असेल तर ती १,००० हर्ट्झची, यूएसबीच्या मिलिसेकंदाच्या ठोक्यातून गळलेली. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करा. घूं गेली तर अर्थिंगचं वर्तुळ (ग्राउंड लूप) आहे: संगणक, इंटरफेस आणि स्पीकर एकाच पट्टीवर लावा आणि स्पीकरला संतुलित (बॅलन्स्ड) केबल वापरा. अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा "उपाय" कुणी सुचवला तर ऐकू नका, तो जिवावरचा आहे.

लांब सूर मधेच बुडतो

ही कडकड नाही, पण तक्रारीत नेहमी मिसळते. व्हिडिओ कॉलवर शिकताना किंवा ब्राउझरमध्ये रेकॉर्ड करताना सूर सुरुवातीला ठसठशीत असतो आणि दोन सेकंदांत विरतो किंवा लाटा मारतो. गोंगाट दाबणाऱ्या सॉफ्टवेअरला स्थिर, न हलणारा आवाज पंख्यासारखा वाटतो. लांब सूर जितका चांगला धराल तितका ते जोमाने पुसतं. नॉइज सप्रेशन, एको कॅन्सलेशन आणि ऑटोमॅटिक गेन तिन्ही बंद करा. विंडोजच्या ध्वनी सेटिंगमधली ऑडिओ एन्हान्समेंट्सही बंद करा. झूममध्ये संगीतकारांसाठी मूळ आवाजाची वेगळी सोय आहे, ती चालू करा. एको कॅन्सलेशन बंद केल्यावर हेडफोन लावणं मात्र सक्तीचं.

टेक चांगला, पण त्यात एक टिक

ऑडॅसिटी या ऑडिओ संपादकातलं रिपेअर एका वेळी जास्तीत जास्त १२८ सॅम्पलांपर्यंतच काम करतं. एखाददुसरी बारीक टिक त्याने बेमालूम जाते. २५६ चा तुटलेला बफर त्यात मावत नाही. त्यातलंच क्लिप फिक्स थोड्याच कापलेल्या शेंड्यांवर चालतं, लागोपाठ दहा-दहा सॅम्पल सपाट असतील तर त्यानंतरचा सूर कागदी लागतो. पाण्याची खळखळ आणि झणझण कशानेच निघत नाही.

अशा वेळी तेवढाच तुकडा पुन्हा वाजवणं स्वस्त पडतं. पंच इन करताना (चालू ट्रॅकमध्ये तेवढाच तुकडा नव्याने भरताना) दोन मापं आधीपासून वाजवायला सुरुवात करा, म्हणजे ओठ आणि नळी तेवढीच तापलेली असतात. पितळी वाद्य एका अंशाने थंड झालं की सुमारे ३ सेंट उतरतं. अर्ध्या तासाने थंड ट्रम्पेटवर वाजवलेला तुकडा जोडला की बेसूर वाटतो तो म्हणूनच. जोड सुराच्या मधे देऊ नका. श्वासाच्या जागी कापा आणि ५ ते १० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड (एक तुकडा विरताना दुसरा चढत येणारा जोड) द्या.